माणसे कमी, काम तेवढेच

कामाच्या ठिकाणचे प्रश्न: वाचकांची पत्रे आणि उत्तरे

या वेळी चार पत्रे निवडली आहेत. चौघेही पत्रलेखक ठाणे आणि नवी मुंबई परिसरात काम करतात, चौघांच्याही हाताखाली माणसे आहेत आणि चौघांनाही कुणाला तरी जाब द्यावा लागतो. काम वाढले, माणसे कमी पडली आणि जी उरली ती खचू लागली, ही तक्रार चारही पत्रांत वेगवेगळ्या रूपांत आली आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न: सप्रेम नमस्कार. ऐरोलीतील एका कंपनीत मी टीम लीडर आहे. परदेशी ग्राहकांकडे पुरवठादारांची जी बिले येतात, ती खरेदी आदेशाशी ताडून, तपासून नोंदवण्याचे काम आमची टीम करते. माझ्या हाताखाली अकरा जण होते, एप्रिलपासून नऊ आहेत. गेलेल्या दोघांच्या जागा भरण्यास वरून मंजुरी मिळत नाही. दिवसाला सरासरी ३४० बिले येतात आणि एक जण नीट तपासून साधारण ४० बिले पुरी करतो, त्यामुळे नऊ जणांत हे काम बसायला हवे, असे आमचे मॅनेजर म्हणतात. हिशेबाने ते खरेही वाटते. तरी शिल्लक वाढतच चालली आहे. टीममधील एक सहकारी अतिशय हुशार आहे. गुंतागुंतीची सगळी बिले मी तिच्याकडेच देते, कारण ती परत माझ्याकडे येत नाहीत. अलीकडे ती बैठकीत बोलेनाशी झाली आहे. बाकीच्यांना विचारले तर 'ठीक आहे' यापलीकडे उत्तर मिळत नाही. उरलेले काम मी रात्री घरी बसून पुरे करते. आता टीमचे मनोबल वाढवण्यासाठी दर शुक्रवारी चार ते साडेपाच 'फन फ्रायडे' घ्यावा, असा निरोप आला आहे. मी काय करावे?

उत्तर: तुमच्या मॅनेजरांचा गुणाकार बरोबर आहे, पण हिशेब अपुरा आहे. नऊ माणसे आणि प्रत्येकी ४० बिले म्हणजे ३६०, येतात ३४०, वरकरणी रोज २० बिलांची मोकळीक उरते. मात्र या हिशेबात कुणी कधी रजाच घेत नाही असे गृहीत धरले आहे. महिन्याचे कामाचे दिवस २२ धरले आणि प्रत्येकाने महिन्यात केवळ एक रजा घेतली, तर १९८ मनुष्यदिवसांतून ९ वजा होऊन १८९ उरतात. त्यांत ७,५६० बिले पुरी होतात आणि महिन्यात आलेली असतात ७,४८०. साऱ्या महिन्याची मोकळीक उरली ८० बिलांची, म्हणजे दोन माणसांच्या एका दिवसाच्या कामाएवढी. प्रत्येकाच्या दोन रजा झाल्या, तर महिनाअखेर २८० बिले अंगावर राहतात. पावसाळ्यात एखाद्या दिवशी लोकल बंद पडून तिघे जण पोहोचू शकले नाहीत, तर त्या एका दिवसात १०० बिले मागे पडतात आणि ती भरून काढायला पुढचे पाच दिवस नऊच्या नऊ माणसे हजर असावी लागतात. हे गणित एका कागदावर मांडा. तुमच्या टीमला जे अंगावर जाणवते आहे आणि शब्दांत सांगता येत नाही, ते या कागदावर आहे.

याच्या जोडीला रांगेचे गणित आहे. काम सारख्या अंतराने येत नाही. सोमवारी सकाळी एकदम येते, महिनाअखेरीस लोंढ्याने येते. डेन्मार्कमधील गणितज्ञ आग्नर एर्लांग यांनी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी या प्रश्नाचा अभ्यास केला आणि १९०९ मध्ये त्यावर पहिला निबंध प्रसिद्ध केला. तेव्हापासून हे शास्त्र टेलिफोन एक्सचेंजपासून कॉल सेंटरपर्यंत सर्वत्र वापरले जाते. त्यातील अगदी साध्या प्रतिमानानुसार, क्षमतेच्या ८० टक्के काम येत असेल तर एका कामाला रांगेत सरासरी जो काळ थांबावे लागते तो ते काम करण्याच्या वेळेच्या ४ पट असतो, ९० टक्क्यांना तो ९ पट होतो आणि ९५ टक्क्यांना १९ पट. अनेक माणसे एकाच रांगेतून काम उचलत असतील तर हे आकडे बरेच खाली येतात, पण शेवटच्या टप्प्यातला चढ तसाच राहतो. अकरा जण असताना तुमची टीम ७७ टक्क्यांवर होती, आता ९४ टक्क्यांवर आहे. माणसे एक पंचमांशाहूनही कमी घटली, परंतु खोळंबा कितीतरी पटींनी वाढला. अशा वेळी 'थोडे नेट लावा' असे सांगणाऱ्या माणसाविषयी टीमच्या मनात आदर उरत नाही, कारण नेट लावून झालेले असते.

आता तुमच्या रात्रीच्या कामाविषयी. हे तुम्हाला कदाचित आवडणार नाही, पण गेलेल्या दोघांच्या जागा भरल्या जात नाहीत याचे एक मोठे कारण तुम्ही स्वतः आहात. रोज रात्री तुम्ही जी बिले पुरी करता ती वरिष्ठांच्या अहवालात 'पूर्ण' म्हणून जातात. त्यांना तूट दिसतच नाही. दिसते ती एवढीच गोष्ट की नऊ जणांत काम भागते आहे. तुमच्या टीमलाही तुमचा त्याग दिसत नाही. त्यांना दिसते ते असे की ताईंना हे चालते, म्हणजे उद्या आपणही रात्री बसावे अशी अपेक्षा येणार. हे रात्रीचे काम थांबवा. आधी मॅनेजरांना लेखी कळवा की अमुक तारखेपासून कार्यालयीन वेळेत जेवढे होईल तेवढेच नोंदवले जाईल, आणि शिल्लक किती राहिली तो आकडा रोज संध्याकाळी कळवला जाईल. पहिला आठवडा जड जाईल. वरून फोनही येतील. पण अहवालात तूट दिसू लागल्याशिवाय ती कुणी भरत नाही.

बैठकीत बोलेनाशा झालेल्या सहकारीकडे तुम्ही सर्वांत आधी लक्ष द्यायला हवे. आपल्याकडे चांगले काम करणाऱ्याला बक्षीस म्हणून आणखी काम मिळते, आणि जो काम बिघडवतो त्याचा भार हलका होतो. हे तुम्ही मुद्दाम केलेले नाही, महिनाअखेरीस सगळेच असे करतात. तरीही तिच्या जागेवरून पाहिले तर अर्थ एकच निघतो, की हुशारीची शिक्षा होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची जी व्याख्या स्वीकारली, तीत त्याला आजार म्हटलेले नाही. दीर्घकाळच्या आणि नीट न हाताळल्या गेलेल्या कामाच्या ताणातून उद्भवणारी ती कामाशी निगडित स्थिती मानली आहे. तिची लक्षणे तीन सांगितली आहेत: गळून गेल्यासारखा थकवा, कामापासून मन दूर जाणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही अशी भावना. बैठकीतले मौन हे यांपैकी दुसरे लक्षण असू शकते. ती नोकरी शोधत असण्याचीही शक्यता आहे, आणि ऐरोली-महापे पट्ट्यात तशा अनुभवाच्या माणसाला दुसरी नोकरी मिळायला फार दिवस लागत नाहीत.

तिच्याशी बोलताना 'तुला काही त्रास आहे का' असे विचारू नका. 'ठीक आहे' हेच उत्तर मिळेल. तिच्यासमोर गेल्या महिन्याची यादी ठेवा: एकूण बिले किती, त्यांतली खरेदी आदेशाशी न जुळणारी किती, पुरवठादाराला फोन करावे लागले अशी किती, आणि ती कुणाकुणाकडे गेली. एक गुंतागुंतीचे बिल साध्या तीन बिलांएवढा वेळ खात असेल, तर तिची २५ बिले ही इतरांच्या ४० बिलांहून अधिक असू शकतात. रोजच्या तक्त्यात मात्र ती मागे पडलेली दिसत असेल. बिलांना असे वजन लावून तक्ता नव्याने करा आणि तो सर्वांना दाखवा. मग आणखी दोघांना ही बिले शिकवण्याची जबाबदारी तिला द्या, मात्र शिकवण्याच्या तासांएवढे दुसरे काम तिच्याकडून काढून घ्या. ते काढून न घेता 'तू यांना तयार कर' म्हणालात, तर तिच्या पाठीवर तिसरे ओझे चढेल.

मॅनेजरांकडे जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, निवड घेऊन जा. वरचे गणित मांडून तीन पर्याय द्या. दोन माणसे भरावीत. किंवा विशिष्ट प्रकारच्या बिलांची मुदत दोन दिवसांनी वाढवून मिळावी, म्हणून ग्राहकाशी बोलावे. किंवा ठरावीक रकमेखालील बिलांची दुहेरी तपासणी थांबवून नमुना तपासणी करावी आणि त्यातील चुकीची जोखीम लेखी मान्य करावी. यांपैकी कोणता पर्याय निवडायचा हे तुमच्या अधिकारात नाही, पण निवड झाली पाहिजे एवढा आग्रह धरणे तुमच्या अधिकारात आहे. ते काहीच निवडणार नसतील, तर कोणती बिले आधी आणि कोणती उशिरा हा क्रम तुम्ही ठरवा आणि 'पुढील सूचना येईपर्यंत या क्रमाने काम चालेल' असा मेल पाठवा. यात धोका नाही असे मी म्हणणार नाही. काही वरिष्ठांना असा मेल उद्धटपणाचा वाटतो. तरी सहा महिन्यांनी एखादे मोठे बिल चुकून दोनदा दिले गेले आणि चौकशी लागली, तर हाच मेल तुमच्या आणि टीमच्या उपयोगी पडेल.

राहता राहिला शुक्रवार. खेळांना आणि केकला माझा विरोध नाही. पण नऊ माणसांचे दीड-दीड तास म्हणजे साडेतेरा तास. तासाला पाच बिले धरली तरी ६७ बिले मागे पडली, म्हणजे तुमची तीन दिवसांची सगळी मोकळीक एका अंताक्षरीत संपली. ती बिले कुणीतरी साडेपाचनंतरच करणार, आणि ऐरोलीहून ठाण्याला जाऊन पुढे कल्याण-बदलापूरची गाडी पकडणाऱ्या माणसाला तो शुक्रवार आठवड्यातला सर्वांत वाईट दिवस वाटू लागणार. मॅनेजरांना विचारा की त्याच दीड तासात दर शुक्रवारी चौघांना, आळीपाळीने, लवकर घरी जाऊ देता येईल का. ते नाही म्हणाले तर निदान तो दीड तास कामाच्या तक्त्यातून अधिकृतपणे वजा करून घ्या.

टीमला खरी परिस्थिती सांगा. जागा भरण्याची मंजुरी आलेली नाही हेही सांगा. 'एवढा महिना काढू या' हे वाक्य मात्र वापरू नका, कारण पुढचा महिना वेगळा असेल असे मानण्याजोगे तुमच्या हातात आज काहीही नाही.

प्रश्न: मी रबाळे एमआयडीसीतील एका इंजिनिअरिंग कारखान्यात सुपरवायझर आहे. पस्तीस कामगार आहेत, त्यांतले निम्मे रत्नागिरी-सिंधुदुर्गचे. नेमकी गणपतीच्या सुमारास आमच्याकडे मोठी ऑर्डर असते. मालक म्हणतात, कुणालाच सोडू नका. कोकणातले तर जाणारच. मग जे मागे राहतात, बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारचे, त्यांच्याकडून बारा-बारा तास काम घ्यावे लागते. 'दरवर्षी आम्हीच का' असे ते विचारतात. गंमत अशी की त्यांच्यातल्याच काहींना ओव्हरटाइम हवा असतो आणि तो नाही मिळाला तर ते नाराज होतात. सगळ्यांना खूश कसे ठेवायचे?

उत्तर: सगळ्यांना खूश ठेवण्याचा नाद सोडा, सगळ्यांना आधी कळेल आणि पटेल अशी रजेची व्यवस्था करणे तुमच्या हाती आहे. गणेश चतुर्थी कधी आहे हे पंचांगात वर्षभर आधी छापलेले असते. ती अचानक आल्यासारखा गोंधळ दरवर्षी कारखान्यांत का उडतो, हे मला आजवर न उलगडलेले कोडे आहे. कोकणातला माणूस गणपतीला गावी जाणार, हे तुम्ही लिहिलेच आहे. रजा नाकारली तर तो न सांगता जाईल किंवा त्याच आठवड्यात त्याची आजी आजारी पडेल, आणि कोण कधी परत येणार हे तुम्हाला कळणारही नाही.

रेल्वेचे आगाऊ आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवस होती. कोकण रेल्वेच्या त्या दिवसांतल्या गाड्या आरक्षण उघडताच भरतात. त्यामुळे रजेची यादी निदान अडीच महिने आधी निश्चित होऊन फलकावर लागली पाहिजे, म्हणजे माणूस त्यानुसार तिकीट काढेल. यादी करताना कुणाच्या घरी किती दिवसांचा गणपती आहे, हे विचारा. दीड दिवसांचा असेल तो माणूस गौरी-गणपती असणाऱ्याच्या आधी परत येऊ शकतो. काही जण भावांमध्ये वर्षे वाटून घेतात, त्यांना यंदा जायचे नसेल. अशी विचारपूस केली तर निम्मा कारखाना एकाच दिवशी रिकामा होत नाही, दोन तुकड्यांत होतो. ही यादी हातात आल्यावर मालकांनी ग्राहकाला माल देण्याची तारीख कबूल करावी. मालक हे ऐकतील का, अशी शंका तुम्हाला येईल. त्यांना मागच्या दोन वर्षांतली प्रत्यक्ष हजेरी दाखवा. 'कुणाला सोडू नका' या हुकुमाने त्या आठवड्यात किती माणसे हजर राहिली, ते हजेरीपटावर लिहिलेलेच असेल.

मागे राहणाऱ्यांचा प्रश्न न्याय्य आहे. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ असते आणि पुढे होळी. गणपतीत जे थांबतील त्यांना छठ किंवा होळीच्या रजेवर पहिला हक्क, असा नियम त्याच फलकावर, त्याच दिवशी, गणपतीच्या यादीशेजारी लावा. त्यांनाही कुर्ल्याहून सुटणाऱ्या गाड्यांचे तिकीट ६० दिवस आधीच काढायचे असते. छठच्या वेळी कोकणातल्या कामगारांनी जादा भार उचलायचा, हेही त्यांना गणपतीला जाण्यापूर्वी सांगून ठेवा. नंतर सांगितले तर तो वाद होईल.

ओव्हरटाइमची गोष्ट थोडी वेगळी आहे. जादा तासांचे पैसे नेहमीच्या दराच्या दुप्पट द्यावे लागतात हा कायदा आहे. ते तसे दिले जात नसतील तर नाराजीचे कारण तुम्हाला दुसरीकडे शोधावे लागणार नाही. ज्याच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता आहे त्याला तास हवे असणार, आणि ती त्याची गरज खरी आहे. तरी रोज बारा तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे ७२ तास होतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये जो संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला, त्यानुसार आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत अंदाजे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. मालकांना आरोग्याचा मुद्दा पटला नाही, तर उत्पादनाचा सांगा. जर्मनीत येना येथील झाइस कारखान्यात एर्न्स्ट आबे यांनी १९०० मध्ये कामाचा दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आणला, तेव्हा एकूण उत्पादन घटले नाही, किंचित वाढलेच. तुमच्याकडे हे तपासायला फार काही लागत नाही. दोन आठवडे रिजेक्शनचे नग तासांनुसार लिहून ठेवा; पहिल्या आठ तासांत किती आणि शेवटच्या चार तासांत किती. शेवटच्या चार तासांतले नग पुन्हा करावे लागत असतील, तर मालक दुप्पट दराने भंगार विकत घेत आहेत. ओव्हरटाइम इच्छुकांच्या यादीतून आळीपाळीने द्या, आठवड्याला प्रत्येकाची मर्यादा ठरवा आणि ज्याला नको आहे त्याच्यावर लादू नका.

प्रश्न: ठाण्यातील एका अनुदानित शाळेची मी मुख्याध्यापिका आहे. निवडणुकीचे काम, मतदार याद्यांसाठी बीएलओची (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याची) कामे, वेगवेगळी सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे, हे सर्व शिक्षकांवर येते. मी ते नाकारू शकत नाही. शिक्षक मात्र माझ्यावर रागावतात. जे काम मी दिलेलेच नाही, त्यासाठी मी मन कसे सांभाळायचे?

उत्तर: मुख्याध्यापिकाबाई, प्रथम कोणते काम खरोखर नाकारता येत नाही, ते कागदावर वेगळे काढा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २७ नुसार शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ व संसद यांच्या निवडणुकांशी संबंधित कामे याखेरीज अन्य अशैक्षणिक कामांसाठी नेमता येत नाही. आलेले प्रत्येक पत्र या कलमाशी ताडून पाहा. जे बसत नाही त्याबाबत कलमाचा उल्लेख करून लेखी विचारणा करा. उत्तर येईलच असे नाही. परंतु तुम्ही विचारणा केली, हे शिक्षकांना समजले पाहिजे. त्यांचा राग बहुधा कामापेक्षा अशा समजुतीवर अधिक असतो, की बाई पत्र आले की नाव लिहून मोकळ्या होतात.

दुसरी गोष्ट वाटपाची. अनेक शाळांत जादा काम कुणाला द्यायचे याचे अलिखित नियम असतात: जो नवा आहे त्याला, जिचे लग्न झालेले नाही तिला, आणि जो जवळ राहतो त्याला. नौपाड्यात किंवा कोपरीत राहणारा शिक्षक वर्षानुवर्षे सुटीच्या दिवशी बोलावला जातो, कारण बदलापूरच्या शिक्षकाला येणे अवघड. जवळ घर असणे हा काही गुन्हा नाही. गेल्या तीन वर्षांत कुणी कोणते काम किती दिवस केले, याचा तक्ता शिक्षक कक्षात लावा आणि पुढचे नाव त्यावरून ठरवा. एखाद्याची घरची अडचण खरी असेल तर त्याने दुसऱ्याशी अदलाबदल करावी, पण ती तक्त्यावर नोंदवून.

अमेरिकी संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेले एक निरीक्षण तुमच्या शाळेला लागू पडते. कामाचा भार जास्त आणि ते कसे करायचे याविषयीचा निर्णय मात्र स्वतःच्या हातात नाही, अशी स्थिती माणसाला सर्वाधिक ताण देते. भार तेवढाच असूनही निर्णयाचा वाव मिळाला तर ताण कमी असतो. बाहेरून आलेले काम तुम्ही कमी करू शकत नाही, परंतु शाळेच्या आतले काम सर्वस्वी तुमचे आहे. ज्या महिन्यात बीएलओची कामे आहेत त्या महिन्यात शाळेतले काय थांबवायचे, हे शिक्षकांनाच ठरवू द्या. एखादी स्पर्धा पुढे ढकलता येते, पाठ टाचणाची वही आठवड्याऐवजी पंधरवड्याला तपासता येते, स्नेहसंमेलनाचा पसारा निम्मा करता येतो. त्यांनी निवडलेले तुम्हाला पटले नाही तरी पहिल्या वेळी मान्य करा. आणखी एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांत कामगारांचे वेतन काही आठवडे १५ टक्क्यांनी कापले गेले होते. जिथे कारणे सविस्तर आणि सहानुभूतीने सांगितली गेली तिथल्यापेक्षा, जिथे नुसता निर्णय कळवला गेला तिथे चोरीचे प्रमाण बरेच अधिक वाढले. शाळेत कुणी चोरी करणार नाही, पण वर्गावर उशिरा जाणे आणि मन काढून घेणे याही मार्गांनी माणसे आपली वसुली करतात. तेव्हा पत्र आले की ते त्याच दिवशी शिक्षक कक्षात वाचून दाखवा, कोणाचे नाव का आले ते सांगा आणि तुम्ही काय विचारणा केली आहे तेही सांगा.

प्रश्न: वागळे इस्टेटमध्ये माझे छोटे डिझाइन ऑफिस आहे, माझ्यासह सात जण आहेत. घोडबंदर रोडच्या वाहतुकीतून घरी पोहोचेपर्यंत मला साडेनऊ होतात आणि कामाच्या गोष्टी तेव्हाच सुचतात. मी ग्रुपवर टाकतो आणि 'उत्तर उद्या दिले तरी चालेल' असेही लिहितो. तरी सगळे लगेच उत्तर देतात आणि मग म्हणे ताण येतो. यात माझे काय चुकते?

उत्तर: मालकाचा मेसेज रात्री साडेनऊला वाजला की माणूस तो वाचतो, आणि वाचल्यावर त्याचे डोके कामाला लागते. उत्तर उद्याचे चालेल हे तुम्ही लिहिलेत, पण एकाने लगेच उत्तर दिले की उरलेल्या पाच जणांना गप्प बसणे महागात पडेल असे वाटते. उपाय साधा आहे. सुचलेले सगळे व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवा आणि सकाळी दहाला ग्रुपवर टाका; मेल असेल तर तो सकाळी जाईल अशी वेळ लावून ठेवा. सकाळपर्यंत त्यातल्या काही सूचना तुम्हालाच अनावश्यक वाटतील, हा वेगळा फायदा. खरोखर थांबता न येणारे काम असेल तर संबंधित एकाच माणसाला फोन करा आणि त्याच्या बदल्यात दुसऱ्या दिवशी त्याला उशिरा येऊ द्या. महिनाअखेरीस असे फोन किती झाले ते मोजा. आठवड्यातून दोन-तीन निघाले, तर तुमच्या ऑफिसला संध्याकाळनंतर काम करणारा एक माणूस हवा आहे, आणि त्याच्या पगाराची तरतूद तुम्हाला ग्राहकांच्या दरांत करावी लागेल.